पाहुणे आले की देव आत

आम्ही ठाकर. मुलीला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा लागली ती आदिवासी कोट्यातून. जातीचा दाखला होता. पण तो खरा आहे हे सांगणारा दुसरा दाखला, व्हॅलिडिटी, मुदतीत आला नाही तर जागा जाणार होती. त्यासाठी एक साहेब मोहोपाड्याला आमच्या क्वार्टरवर चौकशीला यायचे होते, देव आणि चालीरीती खरंच ठाकरांच्या आहेत का ते बघायला.

मी कारखान्यात नोकरीला. कर्जतच्या वरच्या वाडीतून आणलेला आमचा हिरवा देव, म्हणजे टोपलीत तांदळावर ठेवलेली मोरपिसं, स्वयंपाकघरात असतो. कॉलनीतल्या एका बाईंनी "हे काय, जादूटोणा?" असं विचारलं तेव्हापासून कुणी आलं की बायको टोपली माळ्यावर सरकवते.

साहेबांसाठी सोफ्याला नवी कव्हरं घातली, शेजारून कपबशा आणल्या. बेल वाजली तशी टोपली माळ्यावर गेली. हातांना सांगावं लागलं नाही.

"घरात देव कोणता?" साहेबांनी विचारलं.

मी कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं.

"तो सगळ्यांचाच. तुमचा?"

"हिरवा."

"दाखवा."

मी स्टुलावर चढलो. बॅगांमागून टोपली ओढताना तांदूळ खाली उभ्या साहेबांच्या कागदांवर सांडले.

"रोज इथेच असतो?"

"नाय हो, खालीच असतो," बायको दारातून म्हणाली. "तुमी येनार म्हून वर ठेवला."

साहेबांनी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

"लग्न कसं लावलं?"

"बँड होता, भटजी होते, खुर्च्या होत्या," मी म्हणालो. हे सांगायची मला इतकी सवय की जरा छाती काढूनच सांगितलं.

"तुमचा ठाकरांचा कांबडनाच येतो?"

मी उठलो. ढोल नाही, पायात मोजे, पोट पुढे. फ्रिज आणि सोफ्याच्या मधे दोन गिरक्या घेतल्या. तिसरीला टीपॉय लागला. बायको पदराआड हसली. साहेबही हसले, माणूस वाईट नव्हता. मुलगी हसली नाही. कपबशा उचलून आत गेली.

पुढे एवढंच कळलं की आणखी पुरावे हवेत. वाडीवरच्या माझ्या आत्याचा जबाब घ्यायचं ठरलं, तारीख पडली मुदतीनंतरची. मी ऑफिसात जाऊन हात जोडले, तिथल्या बाईंनी पाणी दिलं.

मुदत संपली त्या संध्याकाळी शेजारचे भाऊ गेटवर भेटले. "तुम्हा लोकांना काय टेन्शन? दाखला दाखवला की जागा."

"हो ना," मी म्हणालो.

घरी मुलगी भात वाढत होती. फोन तिच्या मांडीजवळ पालथा पडला होता. कॉलेजचं काही आलं का, हे विचारायला मी तोंड उघडलं.

"मीठ दे गं," म्हणालो.

तिने दिलं. आमटीत मीठ बरोबर होतं. तरी घातलं, आणि जेवलो.