सखूच्या ताटातलं मीठ

दिवाळे गावची सखू जन्मभर बोंबील वाळवून बेलापूरला विकायची. पंच्याण्णव साली तिच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत कॅन्सरची गाठ निघाली. चेहरा सुजला होता, बीपी चढलं होतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि नवरा गोटीराम तिच्या ताटावर पहारा देऊ लागला.

ऑपरेशनने गाठ ग्रंथीसकट काढली. ती परत येऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. "या गोळ्या दुसऱ्या बाजूच्या ग्रंथीलाही दाबतात, मग अंगात मीठ टिकत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या भरपाईची स्टेरॉइडची गोळी चुकवू नका, आणि आता मीठ खाऊ द्या."

गोळ्या त्याने नेमाने दिल्या. मीठ मात्र नाही. "मिठानंच फुगली व्हती ती," म्हणायचा. हट्टी माणूस. सखू खारट सुक्या बोंबलासाठी काकुळतीला यायची, म्हणून त्याने टोपलीच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

एका सकाळी ती अंगणात कोसळली. इस्पितळात बीपी लागेना. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. गोटीराम नर्सच्या मागेमागे फिरत होता. "बाटलीत काय हाय?"

"मीठ-पाणी."

तो खाटेशेजारी बसून पडणारे थेंब बघू लागला. बाटली अर्धी झाली तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, दुसरी आनून ठेवा ना."