बांधावरचा वीरगळ

बदलापुरात कात्रपच्या शाळेत मी इतिहास शिकवते. सुट्टीच्या दिवशी आम्ही तीन-चार शिक्षक तालुक्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करत हिंडायचो. अंबरनाथचं शिवमंदिर सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला हव्या होत्या गावोगावच्या बारवा, सतीशिळा, शेतात पडलेल्या मूर्ती.

बदलापूरपलीकडच्या एका गावात, भाताच्या बांधावर एक वीरगळ सापडला. कधीकाळी लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा हा कोरीव दगड. खाली ढाल-तलवारीची झुंज, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर. शेत एका म्हातारीचं होतं. ती दर सोमवारी दगडाला हळद लावायची. मी फोटो काढले, मापं घेतली, शेत कुणाचं तेही वहीत टिपलं आणि कौतुकाच्या भरात गावाच्या नावासकट सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. तो फोटो कुठकुठे फिरला.

पंधरा दिवसांनी आमच्यातले एक सर शाळेआधी तिकडे गेले आणि तिथूनच त्यांनी फोन केला. दगड जागेवर नव्हता. नुसता खड्डा होता.

जुन्या मूर्ती चोरीला जातात हे मला ठाऊक होतं. तरी मी पत्ता जगजाहीर केला होता. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. शाळा सुटल्यावर स्कूटर थेट त्या गावाकडे काढली.

म्हातारीनं कोरा चहा दिला, पण ती माझ्याकडे बघेना. वीरगळाचं विचारलं तर म्हणाली, आपल्याला काही ठाऊक नाही. मग मला राहवलं नाही.

"आजी, माझ्यामुळे गेला तो. मी फोटो टाकायला नको होता."

तिनं आता माझ्याकडे बघितलं. मग उठली.

"गेला नाय. चल माज्यासंगं."

गोठ्यात एका कोपऱ्यात पेंढ्याचा ढीग होता. तिनं हातानं पेंढा सारला. खाली गोधडीवर आडवा, हळदीसकट, वीरगळ. मी तिथंच शेणाच्या जमिनीवर बसले. हसू आवरत नव्हतं.

कागदावर चढलं की सरकार दगड मुंबईला नेतं आणि शेताला कुंपण घालतं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मग मुलगा आणि दोन शेजारी लावून तिनं तो घरी आणवला होता. चोरांची भीती तिला नव्हती, भीती माझी होती. मी तिला सांगितलं, आम्ही नुसते शिक्षक, आमच्या वहीला कोण विचारतो. तरी पुढं कोण येईल याची हमी मला देता येईना, तेही सांगितलं.

"मंग गावाचं नाव लिव," ती म्हणाली. "शेत कुनाचं, ते नको."

मी तिच्यासमोर वहीतली ती ओळ खोडली, फोनवरची पोस्टही काढून टाकली. दगड पुढच्या सोमवारी बांधावर परत जाणार होता. तिनं चुलीपुढं मला पाट दिला आणि तांदळाची भाकरी नि सुकट वाढली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.