नणंदेच्या मक्यात

इर्मा झाप्पोनीनं छप्पन्नाव्या वर्षी आमच्या एरोक्लबात विमान चालवायला शिकण्यासाठी नाव घातलं, तेव्हा रविवारचं मांस भाजत बसलेले सगळे हसले. तिच्या शेजारचा शेतकरी ओस्वाल्दो म्हणाला, "इर्मा, मग गाईंच्या धारा कोण काढणार?"

"तू काढ. नाहीतरी रिकामाच असतोस."

विमान ती छान चालवायची, तरी परवान्याच्या परीक्षेत नापास झाली. हवेत परीक्षकानं इंजिनाचा जोर काढून घेतला आणि म्हणाला, बंद पडलंय असं समज, उतरायला जागा शोध. खाली सपाट शेत होतं. ते सोडून ही खड्ड्याखुड्ड्यांच्या कुरणाकडे वळली.

"बाई, ते शेत दिसलं नाही का?"

"दिसलं की! पण ओस्वाल्दोचा गहू नुकताच उगवलाय. तुडवायचा कसा?"

आमच्या पांपाच्या सपाट शेतीमुलखात पेरलेल्या शेतात पाय टाकला तर पोरांना मार बसतो. ते तिच्या अंगातच मुरलेलं. ती खाली उतरल्यावर मी वैतागून म्हटलं, "अगं, मेलीस तर गव्हाचं काय करशील?"

मग ती सरावाला लागली. शिक्षकानं जोर काढला की शेतमालकाचं नाव मोठ्यानं घ्यायची आणि सरळ त्याच्या पिकावर विमान खाली आणायची.

दुसऱ्या परीक्षेत खाली आला नणंदेचा वीतभर वाढलेला मका. "माफ कर गं, तेरेसिता," इर्मा म्हणाली आणि मक्याकडे वळली. विमान इतकं खाली आलं की पानं हलू लागली, तेव्हा कुठे परीक्षकानं जोर दिला.

"झालीस पास," तो म्हणाला.

तेरेसितानं बांधावरून सगळं पाहिलं होतं. ती अजून तिच्याशी बोलत नाही. इर्मा दर रविवारी उडते.