कुरकुर शोधणारा सुतार

गोदीत सगळे त्याला 'कानसेन' म्हणत. मूळचा तो सुतार. मोठमोठ्या यॉट बांधणाऱ्या त्या गोदीत तो विसाव्या वर्षी लागला आणि पुढची अठरा वर्षं त्याने करवती-ग्राइंडरच्या कल्लोळात काढली. कानांत बोळे घालायची रीत तेव्हा नव्हती. कुणी घातलेच, तर बाकीचे त्याची टर उडवत. एके दिवशी खालच्या मजल्यावर रंधा मारता मारता तो थांबला आणि मुकादमाला म्हणाला, "वरच्या कपाटातला एक स्क्रू ढिला आहे." मुकादम हसत वर गेला आणि गप्प होऊन खाली आला. त्या दिवसापासून त्याचं काम बदललं.

यॉट म्हटली की लोकांना पोहायचा हौद आठवतो, हेलिकॉप्टर उतरायची जागा आठवते. बटण दाबलं की भिंतच बाहेर उघडून पाण्यावर सज्जा होतो, हे फार तर एखाद्याला ठाऊक असतं. पण मालकाच्या केबिनमधली सर्वांत मोठी चैन डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे शांतता. तिथे खोलीच्या आत दुसरी खोली बसवतात. जमीन रबरी ठोकळ्यांवर तोललेली, भिंतींत जड थर, ड्रॉवरना आतून लोकरीचं अस्तर. खाली इंजिनं धडधडत असली तरी वर झोपलेल्याला आपल्या श्वासाशिवाय काही ऐकू येऊ नये. हे सगळं बसलं की यॉट चाचणीसाठी समुद्रात न्यायची आणि कानसेनने एकेका केबिनमध्ये डोळे मिटून आडवं व्हायचं. फळी कुरकुरली, पेल्याला पेला लागला, की उठून नेमक्या जागी खडूने फुली मारायची. "आमचे हे कामावर झोपायला जातात," असं त्याची बायको शेजारणींना सांगायची, आणि ते सांगताना तिचा चेहरा फुलायचा.

त्याच्या कानांत काहीतरी बिनसलंय, हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. "ताई येणार आहे शनिवारी," ती ओट्यापाशी भांडी विसळत म्हणाली.

"नळ ना? करतो की दुरुस्त," तो म्हणाला.

ती पोट धरून हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय. आठवड्याभरात असं चार-पाच वेळा झालं, तेव्हा ती हसायची थांबली.

मुलीने त्याला कानांच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्याची तपासणी झाली. डॉक्टरने कागदावरची रेघ दाखवली. ती डावीकडे सरळ चालली होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. "बारीक आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाला. "वर्षानुवर्षं यंत्रांपाशी काम केलंत ना? कानाच्या आतल्या पेशी मेल्यात. त्या पुन्हा येत नाहीत."

"काहीच इलाज नाही?" मुलीने विचारलं.

"आहे तेवढं जपा."

गोदीत त्याने अवाक्षर काढलं नाही. तो आता पडून ऐकण्याऐवजी उठून भिंतींवरून बोटं फिरवू लागला. फळी थरथरली की बोटांना कळायचं, आणि तिथे तो फुली मारायचा. अशी वर्षभर त्याने वेळ मारून नेली.

मग एका यॉटच्या चाचणीला मालक आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. एक केबिन खास तिच्यासाठी केली होती. दुपारी आडवी झाली असताना तिला टिक-टिक ऐकू आली. कानसेनला बोलावणं गेलं. केबिनमध्ये मालक उभा, मॅनेजर उभा, म्हातारी पलंगावर बसलेली. सगळ्यांनी एकाच वेळी कान टवकारले. म्हणजे आवाज आत्ताच झाला, हे त्याने ओळखलं.

"येतंय ना ऐकू?" मॅनेजरने विचारलं.

"हो तर."

त्याने भिंतीवर तळवा टेकवला. काही नाही. उशाकडची फळी उघडली, मग दारामागची, मग कपाटाची. स्वतः बसवलेलं काम त्याने स्वतःच उचकटलं. घामाने सदरा पाठीला चिकटला. शेवटी म्हातारी काठी टेकत उठली आणि पडद्याच्या दांडीकडे बोट दाखवत म्हणाली, "इथे आहे." दांडीच्या टोकाशी एक बारीक खिळा सुटला होता. कुणालाही सापडला असता.

तो शिडीवर चढला. म्हातारी खालून हळूच म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही, हो ना?"

"झालंच आता, दोन मिनिटं," तो तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला.

मॅनेजरने मान खाली घातली.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून दिली आणि तोंडासमोर तोंड आणून सावकाश सांगितलं, की आवाज मोजायचं यंत्र येतंय, तुम्ही आता भांडारात बसा. कानसेनने मान डोलावली. भांडार म्हणजे बिजागऱ्या आणि स्क्रूंचे डबे. तिथे माणसं चिठ्ठी पुढे करत, बोलत नसत.

मुलीने हट्टाने कानात घालायचं यंत्र आणलं. त्यातून चमचे आपटल्याचा आवाज डोक्यात घुसायचा आणि माणसाचं बोलणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं यायचं. महिन्याभरात ते खणात गेलं.

बायको अजून बोलायची, पण कामापुरतं. "जेवायला चला." "दार लावा." ओरडून सांगावं लागतं म्हटल्यावर माणूस तेवढंच सांगतो. शेजारच्या मांजरीने कुठे पिलं घातली, भाजीवाली कशी वैतागली होती, असलं काही ओरडून सांगायचं नसतं. तिने ते सांगणं कधी सोडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका रविवारी सकाळी ती खिडकीपाशी बसून बहिणीशी फोनवर बोलत होती. तिला हसू आवरेना; पदराने डोळे पुसत होती. तो समोरच्या खुर्चीत बसून तिच्या ओठांकडे बघत होता. फोन संपला, तसं त्याने विचारलं, "काय झालं गं?"

तिने श्वास घेतला, सांगायला तोंड उघडलं.

"काही नाही!" ती मोठ्याने म्हणाली, आणि उठून आत गेली.