इस्मे तांतीला कोणी डिवचेना

इस्मे सेलेस्टीन एका जन्मात किती बायका होती, हे मला अजून उमगलेलं नाही. कार्निव्हलसाठी ती नुसत्या बोटांनी तार वाकवून बगळ्याचे पंख करायची. कागदावर आधी एक रेघ नाही. उंच काठ्यांवर चढून आमच्या बेलमाँट वस्तीच्या गल्लीतून नाचत निघायची आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणाचं तरी सरबत पिऊन ग्लास परत द्यायची. गल्लीतल्या भिंतींवरची चित्रं तिचीच. आणि गाणं! जन्मभर मी तिच्यामागे क्वात्रोच्या चार तारा छेडल्या, पण पुढच्या ओळीत ती कुणाची सालटी काढणार, हे मला कधी आधी कळलं नाही. देवानं सगळं एकीलाच द्यावं? आम्ही काय त्याचं घोडं मारलं होतं?

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज खरखरीत झाला. डॉक्टर म्हणाले, बोला, पण गाऊ नका. त्याहून वाईट म्हणजे सगळं बेलमाँट तिच्याशी गोड वागायला लागलं. जिच्याशी रोज वाजायचं, ती मासेवालीसुद्धा "बसा हो तांती," म्हणाली. धाकटे सगळे तिला तांतीच म्हणत, म्हणजे मावशी. पण आमच्याकडे माणूस जिवंत असला की टोमणे मारतात. गोड बोलतात ते मयताबद्दल.

"ऑस्विन, यंदा सामन्यात मी गाणार," ती म्हणाली.

"येडी झालीस का? गळा फाटेल!"

"फाटू दे. मी अजून आहे की गेले, ते एकदा कळू दे."

सामना म्हणजे पिशवीतून विषय काढायचा, जागच्या जागी कडवं रचायचं आणि समोरच्याला सोलायचं. शेवटी जुन्या रिवाजानं "दयामाया नाही!" म्हणायचं.

विषय निघाला पाणीकपात. समोर केर्विन, गेल्या सालचा विजेता, जिभेचा सुरा. आणि या गाढवानं काय गावं? तांती आमची माउली, तिच्या गळ्याला आराम पडो! वर "दयामाया नाही" म्हणाला. लोक हळहळले. मला तर त्याच्या डोक्यात क्वात्रो घालावासा वाटला. इस्मे पांढरीफटक पडली होती.

मग ती पुढे झाली. त्या फाटक्या आवाजात तिनं सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटा आला.

"नळाला नाही पाणी, पण याच्या डोळ्यांत पूर,
जित्या माझ्या गळ्यासाठी लावी मयताचा सूर!
मेले नाही अजून, पोरा, पूस आधी नाक,
लढायला भीत असशील, तर आईला मार हाक!
दयामाया नाही!"

मंडप उठून उभा राहिला. "कैसो! कैसो!" अशी वाहवा करत लोक बाकांवर नाचत होते. केर्विनचे कान लाल झाले. त्यानं बाह्या सरसावल्या.

"तांतीचा हा गळा म्हणू की गंजलेला नळ?
थेंब नाही पाण्याचा, नुसतीच खळखळ!
म्हातारे, तुझ्या सुराला बेडूकही हसतात,
तू तोंड उघडलंस की कुत्री घरात बसतात!
दयामाया नाही!"

बक्षीस केर्विनला गेलं. इस्मेनं तिकडे पाहिलंही नाही. तिनं माझा दंड गच्च धरला होता, आणि हसता हसता तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

"ऐकलंस ऑस्विन? मेल्यानं मला म्हातारी म्हटलं!"