खालच्या सुरांची रेकॉर्ड

बडोद्यात हरणी भागात राहणाऱ्या अहल्या दिघे यांनी आयुष्यभर तिथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सुती साडी, खांद्याला पिशवी, बोलणं मोजकं. या बाई घरी गेल्यावर पंखा लावून, पाय ताणून हार्ड रॉक ऐकत बसतात, हे शाळेत फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या कॉलेजात असताना लंडनचा मावसभाऊ सुट्टीला आला आणि रेकॉर्डींची एक पेटी त्यांच्याकडे ठेवून गेला. ती न्यायला तो परत आलाच नाही. पेटीतल्या बाकी सगळ्या रेकॉर्डी ऐकून ऐकून झिजल्या. एकच कोरी राहिली होती, ‘कोल फेरी’ नावाच्या बँडची ‘लो टाइड लॅम्प्स’. तेव्हा मैत्रिणींबरोबर ती एकदा लावली होती, तर गिटार कुठेतरी लांब शेजारच्या घरात वाजतेय असं वाटलं. सगळ्याजणी हसल्या, आणि ती तळाशी गेली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका सकाळी अहल्याबाई गॅलरीत उभ्या होत्या. जास्वंदीवर शिंजीर पक्षी आला. नेहमीसारखी मान ताणून त्याने चोच उघडली, मिटली, परत उघडली. आवाज आला नाही. त्या बघत राहिल्या. काचेपलीकडचं काहीतरी बघावं तसं वाटलं त्यांना.

“वयाचं आहे,” डॉक्टर म्हणाले. “वरचे सूर आधी जातात. कानाला मशीन लावून घ्या.”

मशीन बनून यायला वेळ होता. मधल्या दिवसांत त्यांनी आपल्या लाडक्या रेकॉर्डी लावून पाहिल्या. झांजा गेल्या होत्या. गाणाऱ्याचे शब्द ओल्या कागदासारखे फाटत होते. एकेक रेकॉर्ड त्या काढत गेल्या आणि पेटीच्या तळाशी पोचल्या. आता काय फरक पडतो, म्हणून ती कोरी रेकॉर्डही लावली.

दुपारची वेळ होती. पडदे ओढलेले. बास गिटारचा पहिला, खर्जातला सूर आला आणि खोलीत कुणीतरी हळूच पाणी सोडल्यासारखं झालं. दुसरा सूर त्याच्याखालून आला. विश्वामित्री नदीत मगर कूस बदलते तेव्हा पाणी फुटत नाही, नुसतं फुगतं, तसा. अहल्याबाईंनी डोळे मिटले. यातलं काहीच हरवलेलं नव्हतं. सगळं त्यांना ऐकू येत होतं, शेवटपर्यंत, आणि ढोल थेट फरशीतून तळपायात शिरत होता.

त्यांचे यजमान विश्वंभरराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. या संगीताशी त्यांचा संबंध एवढाच, की ते चालू असताना दार लोटून घ्यायचं. त्या दिवशी ते पेपर घेऊन आत आले आणि बसूनच राहिले.

“हे नवीन आहे?”

“जुनंच आहे. घरातलंच.”

“बरं आहे,” ते म्हणाले आणि पान उलटायचं विसरले.

मग रोज दुपारी ती रेकॉर्ड लागू लागली. मशीन आलं तेव्हा अहल्याबाईंनी ते कानात घालून तीच रेकॉर्ड लावली, आणि दचकल्या. खरखर, चिरका आवाज, वर कुठूनतरी गिटारची किरकिर. ती नदी कुठे गेली कळेना. त्यांनी मशीन काढलं. नदी परत आली. पण आता मनात एक शंका बसली. ही रेकॉर्ड खरंच चांगली आहे, की बिघडलेल्या कानांना तेवढीच झेपते?

“तुला आवडते ना? झालं तर मग,” विश्वंभरराव म्हणाले.

“नाही हो. मला खरं काय ते कळायला हवंय.”

त्यांचा एक जुना विद्यार्थी, कुशल, गोत्रीला राहायचा. त्याच्या घरी रविवारी सकाळी हौशी मंडळी जमून एकेक अल्बम ऐकत. अहल्याबाईंनी त्याला फोन केला.

“आवो ने टीचर!” कुशल म्हणाला. “काय आणताय?”

त्यांनी नाव सांगितलं. “त्या बँडचा तो पडलेला अल्बम आहे. पण आणा, आणा.”

रविवारी त्या ती घेऊन आल्या, बरोबर विश्वंभररावही होते. मंडळी खाली गाद्यांवर बसली. पहिलं गाणं संपलं. शुभंकर स्वतः एका बँडमध्ये गिटार वाजवायचा, तो हळूच म्हणाला, “टीचर, राग मानू नका. गिटार दाबलीय यांनी. मिक्सिंगच फसलंय.”

अहल्याबाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “कुशल, एक रजई मिळेल?”

कुशलने कपाटातून जाड रजई काढली. अहल्याबाईंनी ती दोन्ही स्पीकरवर नीट पांघरली, आजारी माणसावर घालतात तशी. “मला कसं ऐकू येतं ते दाखवते,” त्या म्हणाल्या. “परत पहिल्यापासून.”

आवाज मंद झाला. सुरुवातीला कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. वरचं सगळं गळून गेलं आणि उरली ती बासची चाल, लांबलचक, संथ, एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत जाणारी. कुशल आडवा झाला. सकाळचं ऊन फरशीवर सरकत होतं. विश्वंभररावांचा अंगठा चालीवर हलत होता. दुसरं गाणं मध्यावर असताना शुभंकर उठला, रजईचं टोक धरलं आणि विचारलं, “काढू का?”

त्याने रजई काढली. खरखर आली, गिटार आली. पण चाल हरवली नाही. ती सगळ्यांच्या कानात आधीच बसली होती.

“मूळ गाणं खाली आहे,” शुभंकर म्हणाला. “गिटार नुसती साथीला. आपण वरच शोधत होतो.” मग तो पुढे म्हणाला, “तरी मिक्सिंग फसलंयच.”

“फसलंय तर फसलंय,” कुशल पडल्या पडल्या म्हणाला. “पलटव ने.”

अहल्याबाईंनी पिशवीतून मशीन काढून कानात घातलं. रेकॉर्डची दुसरी बाजू सुरू झाली. या वेळी खालचं पाणी होतं आणि त्यावर गिटारचे बारीक, चमकते तुकडेही होते, दूरच्या होड्यांवरच्या दिव्यांसारखे. दोन्ही एकदम त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी विश्वंभररावांचा हात धरला, एवढ्या लोकांत, आणि सोडला नाही.

घरी जायला दोघं रिक्षात बसले.

“तो खालचं वाजवणारा,” विश्वंभररावांनी विचारलं, “अजून आहे का गं?”

“ठाऊक नाही.”

“असेल,” ते म्हणाले, आणि बाहेर बघत ती चाल गुणगुणू लागले, जरा बेसूर, पण लयीत.