सदाभावोजींची खडूची रेघ

सदाभावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यांची मुलगी संध्या शांतपणे म्हणाली, "काकू, बाबा सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच..." मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून टाकली. हातांना दुसरं काही सुचेना. आता काही आठवडे झाले. ईरा, केदार, तुम्ही त्यांना दोन-चारदाच भेटलात, तेही म्हातारपणी, म्हणून हे लिहिते आहे.

सदाभावोजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न होईपर्यंत ते आमच्याकडेच, घाटकोपरला राहत. मुलुंडच्या एका कारखान्यात बॉयलरला हवा पुरवणारे प्रचंड पंखे बनत. ते वेगात फिरवून तपासायच्या शेडचे भावोजी प्रमुख होते. वेगाने फिरणाऱ्या चाकाजवळ कुठे उभं राहायचं, हे त्यांनी मला गॅलरीत भिजलेली छत्री गरागरा फिरवून दाखवलं होतं. माझ्या साडीवर सगळे शिंतोडे.

"बघ वयनी, पाणी कुठे उडालं? कडेने. दांड्याकडे एक थेंब तरी आला? पातं तुटलं तर तेही असंच कडेने सुटतं, गोळीसारखं."

"साडी माझी आणि प्रयोग तुमचा," मी म्हटलं.

म्हणून चाकाच्या कडेसमोर जो पट्टा येई, त्याच्या दोन्ही अंगांना ते शेडच्या जमिनीवर खडूने रेघा ओढत. चाक चालू असताना त्या पट्ट्यात कुणी उभं राहायचं नाही, खुद्द मालकांनीसुद्धा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा एक दसरा. त्या दिवशी कारखान्यात घरच्या माणसांना बोलावत. मी तुमच्या बाबांना, म्हणजे तीन वर्षांच्या मोहनला, कडेवर घेऊन गेले होते. नव्या पंख्याचं चाक अजून उघडंच होतं. भावोजींनी स्वतः पूजा केली, प्रत्येक पात्याला कुंकू लावलं. आता मुहूर्त म्हणून चाक थोडं फिरवायचं होतं. आम्ही बायका नेमक्या त्या पट्ट्यात, भिंतीला टेकून उभ्या होतो, कारण तिथून सगळं छान दिसत होतं आणि फोटोवाल्याने आम्हाला तिथेच उभं केलं होतं.

"वयनी, रेघेच्या भायर ये! सगळ्यांनी बाहेर!" भावोजी ओरडले. रागावले की ते मालवणीत शिरत.

फोटोवाला कुरकुरला, "अहो, मग फोटोत कोणीच येणार नाही ना."

"फोटोत नाही आले तरी चालेल. उद्या पेपरात यायला नकोत."

बायका हसल्या, काही नाराजही झाल्या. मोहनने भोकाड पसरलं, त्याला चाक बघायचं होतं. आम्ही हललो. चाक सुरू झालं, आवाज चढत गेला, आणि एकदम ठण्ण... समोरच्या पांढऱ्या भिंतीवर लाल डाग उमटला. मघाशी मी उभी होते तिथेच, कडेवरच्या मोहनचं डोकं होतं त्या उंचीवर. खाली चेपलेला पितळी करंडा पडला होता. कुंकू लावताना दोन पात्यांच्या बेचक्यात टेकवलेला, तिथेच राहून गेलेला.

चाक थांबलं. कुणीतरी भीतभीत म्हणालं, "देवीनेच भिंतीला कुंकू लावलं."

"देवीक मधे नको घालू रे," भावोजी म्हणाले. "करंडो माझो. मीच इसरलंय." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी मोहनला माझ्याकडून घेतलं आणि पेढे वाटून संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. पोरगं त्यांच्या खांद्यावर झोपून गेलं.

पुढे ही गोष्ट ते स्वतःच सांगत, अगदी स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभातही. म्हणत, "रेघा मी दुसऱ्यांच्या चुकांसाठी ओढायचो. पहिली चूक माझीच निघाली!" आणि पोट धरून हसत. त्यांच्या हाताखाली त्या शेडमध्ये एकालाही कधी इजा झाली नाही, याचं समाधान मात्र ते हसण्यावारी नेत नसत.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमचं गॅरेज दाखवत होतात. मोहन गोल करवतीवर फळी कापायला निघाला होता. ईरा, तू बघायला म्हणून नेमकी पात्याच्या समोर जाऊन उभी राहिलीस. त्याने बोलता बोलता, तुझ्याकडे न बघताच, तुझ्या खांद्याला धरून तुला दोन पावलं बाजूला सरकवलं आणि मगच बटण दाबलं.

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं रे तुला?"

"कोणी नाही गं आई," तो म्हणाला. "सवय आहे."